पहिलीचे रजिस्टर आणि विद्यापीठाची खिडकी

बालमित्रांनो, शाळेच्या कागदावर तुमचे नाव सर्वांत आधी कोणी लिहिले, ठाऊक आहे का? ते लिहिले तुमच्या पहिलीच्या बाईंनी, नाहीतर गुरुजींनी. ज्या जाडजूड वहीत लिहिले, तिला म्हणतात दाखल-खारीज रजिस्टर. दाखल म्हणजे मूल शाळेत आले आणि खारीज म्हणजे शाळा सोडून गेले. मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिकवते. आमची शाळा दोनशिक्षकी, त्यामुळे मुख्याध्यापकांच्या सांगण्यावरून दर जूनमध्ये नवीन मुलांची नावे माझ्याच हातून त्या वहीत चढतात.

आज तुम्हांला या वहीची आणि विद्यापीठाची गोष्ट सांगणार आहे. तुम्ही म्हणाल, कुठे पहिलीचा वर्ग आणि कुठे विद्यापीठ! मलाही तसेच वाटायचे. पण दोन्हींच्या मध्ये एक बारीक धागा असतो, आणि तो तुटायची वेळ आली की मगच दिसतो.

2024 सालच्या जूनमधली संध्याकाळ. मृगाचे आभाळ भरून आले होते. मी मूर्तिजापूरला राहते. दार वाजले म्हणून उघडले, तर माझी एक जुनी विद्यार्थिनी उभी. मागे तिचे वडील, हातात कागदांची पिशवी. पोरगी बारावी सायन्स चांगल्या मार्कांनी पास झाली होती. अमरावतीच्या एका कॉलेजात बी.एस्सी.च्या यादीत तिचे नाव लागले होते. घरातली कॉलेजात जाणारी ती पहिलीच. मी म्हटले, ‘‘अगं, पेढे कुठं आहेत?’’

ती काही बोलेना. वडीलच म्हणाले, ‘‘मॅडम, कागदं जुळत नाहीत म्हणते. आताच बडनेऱ्याहून गाडीनं आलो. पोरीच्या टीसीवर बापाचं नाव येक हाय न् जातीच्या दाखल्यावर दुसरं. आधार बी दुसरंच सांगते. तीन दिवस हायेत म्हणे. मंग पोरीचं नाव कटते का काय?’’

मी टीसी हातात घेतला. मुलीच्या नावापुढे वडिलांचे जे नाव होते, ते त्यांचे घरगुती नाव. सारे गाव त्यांना त्याच नावाने हाक मारते. खरे नाव, म्हणजे सातबारावरचे आणि आधार कार्डावरचे, वेगळेच.

‘‘पहिलीत नाव टाकायला हिला कोण घेऊन आलं होतं?’’ मी विचारले.

‘‘माही माय. मी तं वावरात होतो पेरणीले. मायले जे नाव तोंडात, तेच तिनं सांगतलं असन.’’

म्हणजे 2012 सालचा जून. आजीने सांगितले आणि मी लिहिले. दाखला मागितला नाही, कागद पाहिला नाही. नोकरीतली माझी सुरुवातीची वर्षे होती आणि त्या दिवशी दारात रांग होती. ती चूक पहिलीतून चौथीत गेली, चौथीच्या टीसीवरून हायस्कुलात गेली, तिथून दहावीच्या बोर्डाच्या फॉर्मवर आणि मार्कलिस्टवर छापली गेली. बारा वर्षे कोणाच्याच लक्षात आली नाही. लक्षात आली ती थेट कॉलेजच्या खिडकीवर.

मला काही बोलवेना. चहा ठेवायला म्हणून मी आत गेले.

खिडकीवर नेमके काय होते?

आता थोडे समजून घेऊ, म्हणजे ही भानगड का झाली ते कळेल. ‘विद्यापीठात नाव घातले’ असे आपण सहज म्हणतो. प्रत्यक्षात त्या तीन वेगवेगळ्या पायऱ्या आहेत.

पहिली पायरी प्रवेशाची. हा प्रवेश आपल्याला कॉलेज देते. मार्क पाहून यादी लागते, फी भरली जाते, कागद जमा होतात.

दुसरी पायरी नोंदणीची. कॉलेज आपले नाव विद्यापीठाकडे पाठवते. विद्यापीठ कागद तपासते आणि एक क्रमांक देते. कोणी त्याला एनरोलमेंट नंबर म्हणतात, कोणी पीआरएन. परीक्षेच्या फॉर्मपासून पदवीच्या कागदापर्यंत हा क्रमांक तुमच्यासोबत चालतो. विद्यापीठाने तुम्हांला कधी पाहिलेले नसते. ते तुम्हांला ओळखते या क्रमांकाने आणि कागदावरच्या नावाने. म्हणून नावातली एक वेलांटीही तिथे महत्त्वाची ठरते.

विद्यापीठ म्हणजे नुसती एक इमारत नव्हे, हेही लक्षात ठेवा. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाचा परिसर अमरावतीत तपोवनाजवळ आहे. पण अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा आणि वाशीम या पाच जिल्ह्यांतली कॉलेजे त्याला जोडलेली आहेत. अकोल्याच्या शिवाजी महाविद्यालयात शिकणारा मुलगा रोज संध्याकाळी अकोल्यातच घरी जातो, पण नोंदणीने तो अमरावती विद्यापीठाचा विद्यार्थी असतो. अकोल्यातलेच डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ मात्र वेगळे. त्याची स्थापना 1969 सालची. तिथल्या पदवीसाठी बारावीनंतर प्रवेश परीक्षा द्यावी लागते.

तिसरी पायरी विषयांची. पूर्वी बी.ए., बी.एस्सी.चे विषय गठ्ठ्यानेच मिळायचे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार आपल्याकडच्या कॉलेजांत 2024-25 पासून पदवीच्या पहिल्या वर्षाची रचना बदलली. आता एक मुख्य विषय, एक जोडविषय, शिवाय भाषा, कौशल्याचा एखादा विषय, दुसऱ्या शाखेतला एखादा विषय, असे निवडून नोंदवावे लागतात. विज्ञानाची मुलगी अर्थशास्त्राचा धडाही शिकू शकते.

या विषयांचे वजन श्रेयांकांत मोजतात. कॉलेजात सगळे त्याला क्रेडिट म्हणतात. वर्गात बसून शिकायचे 15 तास म्हणजे एक क्रेडिट. प्रयोगशाळेतले 30 तास म्हणजे एक क्रेडिट. एका सत्रात 20 ते 22 क्रेडिट मिळवायची आणि तीन वर्षांत 120 ते 132 झाली की पदवी. ही क्रेडिटे जमा ठेवायला 2021 पासून देशभरासाठी एक खाते-व्यवस्था सुरू झाली आहे. बँकेत पैसे ठेवतो तशी. एक वर्ष शिकून काही कारणाने थांबावे लागले, तर काही अटी पूर्ण करून प्रमाणपत्र मिळते आणि पुढे परत येऊन शिक्षण सुरू करता येते.

आपल्या वऱ्हाडात याला फार अर्थ आहे. एखाद्या वर्षी पाऊस दगा देतो, घरात कोणी आजारी पडते, आणि पोरीचे कॉलेज सुटते. पूर्वी अशा पोरीच्या हाती काहीच उरत नसे. आता शिकलेले खात्यात जमा राहते. मात्र खात्यावरचे नाव, आधारवरचे नाव आणि शाळेतले नाव एकच हवे!

आजोबांच्या वेळी

तुमच्या आजोबांना विचारा, त्यांच्या वेळी कॉलेज किती लांब होते. 1923 साली नागपूर विद्यापीठ सुरू झाले आणि त्याच वर्षी अमरावतीत किंग एडवर्ड कॉलेज निघाले. आज तीच शासकीय विदर्भ ज्ञान विज्ञान संस्था. त्याआधी वऱ्हाडातल्या मुलाला कॉलेज शिकायचे तर घर सोडून दूर जावे लागे. अमरावती जिल्ह्यातल्या पापळ गावचे पंजाबराव देशमुख पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गेले. पुढे 1920 साली विलायतेला गेले, डॉक्टर आणि बॅरिस्टर होऊन परतले. प्रत्येकाला काही पुणे आणि विलायत जमणार नाही, हे जाणून त्यांनी अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली. पुढे ते देशाचे कृषिमंत्री झाले.

1 मे 1983 रोजी अमरावती विद्यापीठ स्थापन झाले. तोवर आपल्या भागातल्या कॉलेजांची मुले नागपूर विद्यापीठाची असत. एखादा कागद अडला, तर नागपूरची वारी ठरलेली. आता तीच खिडकी आपल्या जवळ आली आहे. पण जवळ असून काय उपयोग, जर कागद जुळले नाहीत!

पुढे काय झाले?

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघे शाळेत गेलो. मुख्याध्यापकांनी कपाटातून 2012 चे रजिस्टर काढले. निळ्या शाईतले अक्षर माझेच होते. मी तिच्या वडिलांना सांगितले, ‘‘भाऊ, ही चूक माझी आहे.’’

ते म्हणाले, ‘‘तुम्ही काय जाणून केलं, मॅडम? पन आता करा कायतरी.’’

मग धावपळ झाली. दोन्ही नावे एकाच माणसाची आहेत, असे प्रतिज्ञापत्र तहसीलला करून घेतले. रजिस्टरच्या त्या पानाची नक्कल घेतली. मी रजा टाकून त्यांच्यासोबत अमरावतीला गेले. खिडकीवरच्या बाबूंनी सगळे शांतपणे वाचले आणि आम्हांला प्राचार्यांकडे पाठवले. दुरुस्त केलेले कागद ठरलेल्या मुदतीत आणून देऊ, असे हमीपत्र लिहून घेऊन त्यांनी प्रवेश दिला. मुदत संपायला एक दिवस बाकी होता.

सगळेच गोड झाले असे सांगितले तर ते खोटे होईल. नाव न जुळल्यामुळे पहिल्या वर्षीचा शिष्यवृत्तीचा अर्ज अडकला. फी पूर्ण भरावी लागली. वडिलांच्या खिशात पैसे होते, पण ते सोयाबीनच्या बियाण्याचे. त्यांनी खिडकीवर ते मोजून दिले आणि बियाणे उधारीवर आणले. मी काही रक्कम देऊ केली, ती त्यांनी घेतली नाही. रजिस्टरमधली दुरुस्ती, तिला शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी, मग बोर्डाची नवी मार्कलिस्ट, यात सात महिने गेले. पहिलीत कागद पाहायला मला दोन मिनिटे लागली असती.

पोरगी आता पदवीचे शिक्षण घेते आहे. वर्गात तिला वनस्पतिशास्त्र सर्वांत जास्त आवडते, असे फोनवर सांगत होती.

या रविवारी एवढे करा

मुलांनो, येत्या रविवारी आईबाबांसोबत बसा. जन्माचा दाखला, आधार कार्ड आणि शाळेतून मिळालेला बोनाफाईड किंवा टीसी समोर ठेवा. पाच गोष्टी बोट ठेवून ताडून पाहा: तुमचे नाव, वडिलांचे नाव, आईचे नाव, आडनाव आणि जन्मतारीख. मराठी वाचा, इंग्रजी स्पेलिंगही वाचा. वडिलांचे नाव ‘ज्ञ’ने सुरू होत असेल, तर एका कागदावर ते डी अक्षराने आणि दुसऱ्यावर जी अक्षराने सुरू झालेले सापडेल! फरक दिसला तर लगेच वर्गशिक्षकांना सांगा. शाळेत असताना दुरुस्ती सोपी असते, शाळा सोडल्यावर अवघड होते.

दहावीच्या मुलांनो, परीक्षेआधी बोर्डाकडून शाळेत प्री-लिस्ट येते. त्यावर घाईघाईने सही करू नका. जे त्या यादीत असेल, तेच मार्कलिस्टवर छापले जाते.

पालकहो, तुम्हांलाही एक विनंती. शाळेत नाव घालायला स्वतः या. शेतीच्या कामामुळे जमत नसेल, तर येणाऱ्याच्या हाती जन्माचा दाखला आणि आधारची झेरॉक्स द्या. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर हे कागद बारावीच्या निकालाची वाट न पाहता आधीच काढून ठेवा. जून महिन्यात सेतू केंद्रावर केवढी गर्दी असते, ते तुम्ही पाहिलेच आहे. सीबीएसई किंवा दुसऱ्या राज्याच्या बोर्डातून मूल येत असेल, तर मायग्रेशनचा दाखला विसरू नका.

जाता जाता एक गंमत सांगते. आपल्या विद्यापीठाला 2005 साली ज्यांचे नाव दिले, ते संत गाडगे बाबा अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. त्यांचे खरे नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. हातात मडक्याचे गाडगे घेऊन फिरायचे, म्हणून लोक त्यांना गाडगे बाबा म्हणू लागले. लोकांनी मारलेली हाकच त्यांचे नाव झाली आणि आज ती हजारो मुलांच्या पदवीवर छापली जाते. ते स्वतः कधी शाळेत गेले नाहीत, पण पोटाला चिमटा काढून लेकरांना शिकवा, असे गावोगावी कीर्तनात सांगत राहिले. तिच्या वडिलांना ही गोष्ट मी गाडीत सांगितली. ते हसले आणि म्हणाले, ‘‘मंग माह्या मायचं बी काई चुकलं नाई, मॅडम. फक्त कागदाले ते समजत नाई.’’

तेव्हापासून मी एक नियम केला आहे. नवीन मुलाचे नाव कागदावरून पाहून लिहिते आणि लिहून झाले की सोबत आलेल्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवते. परवा एक आजी आली होती. मी तिच्या नातवाचे पूर्ण नाव वाचले. ती म्हणाली, ‘‘बाई, अजून येकडाव वाच.’’ मी परत वाचले.