बंदरातला पाद्री

आपल्या कोकणात कितीतरी घरांतला माणूस ‘बोटीवर’ असतो. म्हणून आज आम्ही बंदरातल्या ख्रिस्ती पाद्र्यांविषयी सांगणार आहोत.

जहाज धक्क्याला लागलं की पाद्री शिडी चढून वर जातो. काही बंदरांत हे काम बायकाही करतात. सोबत सिमकार्डं, थंडीत लोकरीच्या टोप्या. खलाशाचा धर्म कोणी विचारत नाही. हल्ली जहाज काही तासच थांबतं, बोलणं अर्धं राहतं. मग पुढच्या बंदरातल्या पाद्र्याला निरोप जातो: अमक्याची आई वारली आहे, त्याला भेटा. अँग्लिकनांचं ‘मिशन टू सीफेअरर्स’ १८५६ पासूनचं, कॅथलिकांचं ‘स्टेला मॅरिस’ १९२० साली ग्लासगोत सुरू झालेलं. पंथ वेगळे, पण १९६९ पासून अशा संस्थांची एक सामाईक संघटना आहे.

खरी गरज पडते ती मालकाने जहाज वाऱ्यावर सोडलं की. पाद्री पगार देऊ शकत नाही. पण जेवण-पाणी पोचवतो, युनियनशी गाठ घालून देतो. सागरी कामगार कराराच्या २०१७ पासूनच्या नियमाने, करार मानणाऱ्या देशांच्या जहाजांवर दोन महिन्यांचा पगार थकला तर विम्यातून चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार आणि घरी परतायचा खर्च मागता येतो.

घरी पैसे येईनासे झाले तर लाजून गप्प बसू नका. जहाजाचा सात आकडी आयएमओ क्रमांक आजच विचारून वहीत लिहा. जहाजाचं नाव बदलतं, तो बदलत नाही.