ओठ जुळले पाहिजेत!
गॅदरिंगसाठी आम्ही म्युझिक व्हिडिओ करतोय. गाणारा माझा रूममेट. त्याचे आईबाबा बघायला येणार, म्हणून ओठ गाण्याशी जुळलेच पाहिजेत. सरावातून शिकलो ते असं.

कॅमेरा सेकंदाला २५ फ्रेम घेतो, म्हणजे एका फ्रेमला ४० मिलिसेकंद. तेवढ्यात आवाज जेमतेम १४ मीटर जातो. स्पीकर ग्राउंडच्या दुसऱ्या टोकाला असेल तर ओठ दोन-तीन फ्रेम मागे पडतात, आणि ते डोळ्यांना कळतं. म्हणून स्पीकर गाणाऱ्याच्या पायाशीच ठेवायचा.

स्लो मोशन हवं? ५० फ्रेमने शूट करा, गाणं दुप्पट वेगाने वाजवा. एडिटिंगमध्ये वेग निम्मा केला की चाल संथ होते, ओठ मात्र बरोबर जुळतात. एवढ्या वेगात गाताना जीभ वळत नाही, त्यामुळे आधी रूमवर प्रॅक्टिस मस्ट!