पायथॉनमधील क्लासची स्वतःची मेथड : ओळख व पडताळणी

प्रस्तावना
"दादरा व नगर हवेलीला उच्च न्यायालय आहे काय?" असा प्रश्न सिल्वासा येथील विद्यार्थ्यांना विचारल्यास 'आहे' हे उत्तर बरोबर ठरते. परंतु "ते या प्रदेशाचे स्वतःचे आहे काय?" या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे येते. १९६१ च्या अधिनियमाने मुंबई उच्च न्यायालयाची अधिकारकक्षा येथे लागू झाली आणि २०२० मध्ये दमण व दीवसह एकच केंद्रशासित प्रदेश झाल्यानंतरही ती कायम आहे. 'असणे' आणि 'स्वतःचे असणे' यांतील हाच भेद पायथॉनमध्ये क्लास व वारसा शिकविताना महत्त्वाचा ठरतो.

समस्येचे स्वरूप
समजा, 'खाते' या मूळ क्लासमध्ये 'व्याज' ही मेथड आहे. 'बचतखाते' या उपक्लासमध्ये ती नव्याने लिहावी, असे प्रात्यक्षिक दिले. एका विद्यार्थ्याने उपक्लासमध्ये केवळ 'पास' लिहिले. तपासणीसाठी शिक्षकाने 'हॅसॲटर' हे फंक्शन वापरले, तर उत्तर 'ट्रू' येते. कारण हे फंक्शन वारशाने आलेली मेथडही मोजते. काहीही न लिहिणाऱ्यास पूर्ण गुण मिळतात आणि श्रम करणाऱ्यावर अन्याय होतो. पायथॉन ३ मध्ये प्रत्येक क्लास 'ऑब्जेक्ट' या क्लासचा वारस असल्याने 'इनिट', 'एसटीआर', 'ईक्यू' यांसारख्या विशेष मेथडींबाबत तर 'हॅसॲटर' नेहमीच होकार देते.

पडताळणीची पद्धत
प्रत्येक क्लासजवळ स्वतःच्या नावांचा एक कोश असतो. 'व्हार्स' हे फंक्शन तो दाखविते. 'व्याज' हे नाव व्हार्स(बचतखाते) मध्ये आहे की नाही, हे 'इन' या शब्दाने तपासावे. नाव नसल्यास ती मेथड त्या क्लासची स्वतःची नाही. ती कोणाकडून आली हे पाहायचे असल्यास 'एमआरओ' या क्रमाने येणारे क्लास एकेक तपासावेत. ज्याच्या कोशात ते नाव प्रथम सापडेल, त्याचीच ती मेथड होय.

येथे कंसात क्लास द्यावा, त्यापासून बनविलेली वस्तू देऊ नये. वस्तू दिल्यास केवळ त्या वस्तूची माहिती दिसते, क्लासच्या मेथडी दिसत नाहीत. वस्तूच हाती असेल तर 'टाइप' फंक्शनने तिचा क्लास मिळवावा.

घ्यावयाची दक्षता
१) कोशात नाव असले म्हणजे ती मेथडच असते असे नाही; तो साधा अंकही असू शकतो. एखाद्या क्लासमध्ये 'ईक्यू' लिहून 'हॅश' लिहिली नाही, तर पायथॉन स्वतःहून 'हॅश' हे नाव 'नन' या मूल्यासह कोशात ठेवते. म्हणून नाव सापडल्यावर 'गेटॲटर'ने मूल्य घेऊन 'कॉलेबल' ही दुसरी चाचणी लावावी.
२) उपक्लासची मेथड व मूळ क्लासची मेथड 'इज नॉट'ने ताडून पाहण्याची पद्धतही वापरली जाते. मधे तिसरा क्लास असल्यास ती फसते. मेथड त्या मधल्या क्लासची असू शकते.
३) २०१८ मध्ये आवृत्ती ३.७ पासून आलेला 'डेटाक्लास' हा डेकोरेटर 'इनिट', 'ईक्यू' इत्यादी मेथडी स्वतः तयार करून क्लासच्या कोशात घालतो. त्या क्लासच्या असतात, पण विद्यार्थ्याने लिहिलेल्या नसतात. अशा वेळी प्रोग्रामचा मूळ मजकूर वाचणे अपरिहार्य आहे.

निष्कर्ष
'मेथड चालते काय?' आणि 'ती या क्लासने दिली आहे काय?' हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. पहिल्यासाठी 'हॅसॲटर' बहुधा पुरेसे आहे. दुसऱ्यासाठी क्लासचा कोशच पाहावा लागतो. वारसा हा दोष नव्हे. कित्येकदा मेथड पुन्हा न लिहिणे हेच योग्य असते. मात्र गुण देताना वारशाचे काय आणि विद्यार्थ्याचे काय, हे शिक्षकाने निश्चित जाणले पाहिजे.