बंद न होणारे खाते
पोटातली महाधमनी फुगली, की पूर्वी पोट उघडावेच लागे. १९९० साली ब्यूनोस आयर्समध्ये हुआन पारोदी यांनी जांघेतल्या धमनीतून कापडी नळी आत नेऊन बसवली. आता रुग्ण थोड्याच दिवसांत घरी येतो आणि खाते बंद झाले असे समजतो. आम्हा बँकवाल्यांना अशी घाई खटकते! नळीच्या टोकाशी वा सांध्यात रक्त झिरपले, तर नवा तुकडा लवकर जोडावा लागतो. प्रसंगी पोटही उघडावे लागते. कमरेच्या बारीक धमन्यांतून उलटे येणारे रक्त पुष्कळदा आपोआप थांबते. फुगवटा वाढू लागला, तर तारेची वेटोळी सोडून ती वाट बुजवतात. ब्रिटनमधल्या रुग्णांचा पंधरा वर्षांचा हिशेब २०१६ साली प्रसिद्ध झाला. सुरुवातीचा फायदा आठ वर्षांनंतर उलटला होता, मुख्यतः फुगवटा नंतर फुटल्यामुळे. दरवर्षीचे स्कॅन असते ते यासाठी.