चढाई करणाऱ्या मुलांची बोटे

प्रस्तरारोहण म्हणजे सह्याद्रीच्या कड्यांवर दोर लावून चढणे, एवढेच आपल्याला पूर्वी ठाऊक होते. आता शहरांतून कृत्रिम भिंती उभ्या राहिल्या आहेत आणि २०२१ साली टोकियोत या खेळाने ऑलिंपिकमध्येही प्रवेश केला. बारा-तेरा वर्षांची मुले नेमाने सराव करतात, हे चांगलेच आहे. मात्र पालकांना व प्रशिक्षकांना एका दुखण्याची माहिती हवी.

वाढत्या वयात हाडाच्या टोकाजवळ कूर्चेचा एक मऊ थर असतो. हाडाची लांबी तेथूनच वाढते. बारीक खाचेवर बोटे वाकवून, वरून अंगठा दाबून अंग तोलले की मोठा ताण बोटाच्या मधल्या सांध्यावर येतो. वारंवार असे झाले की त्या थराला तडा जातो. बहुधा मधलेच बोट सापडते. मूल कोठे पडलेले नसते, म्हणून घरी ‘मुरगळले असेल’ असे म्हणून बाम चोळतात!

तेरा ते सोळा या वयात सांध्याच्या पाठीमागच्या बाजूस दुखत असेल, सूज असेल, तर चढाई त्याच दिवशी बंद करावी व डॉक्टरांना दाखवावे. पहिल्या क्ष-किरण चित्रात काही दिसले नाही तरी निर्धास्त राहू नये. कधी एमआरआय लागतो. वेळीच विश्रांती दिल्यास काही आठवड्यांत किंवा महिन्यांत हाड सहसा भरून येते. दुर्लक्ष झाल्यास बोट कायमचे वाकडे किंवा ताठ राहू शकते.

प्रशिक्षकांनी वयाकडे नव्हे, वाढीकडे पाहावे. चौदा वर्षांच्या एका मुलाला मिसरूड फुटलेली असते, दुसरा अजून लहानच असतो. दर तीन महिन्यांनी उंची मोजावी. ती झपाट्याने वाढत असेल तेव्हा बोटांवरचा भार कमी करावा. पाय अधांतरी ठेवून नुसत्या बोटांवर पट्ट्यांवरून उड्या मारण्याचा व्यायाम वाढ पुरी होईपर्यंत नकोच.

सडपातळ मुलगेच निवडण्याची खोडही सोडावी. स्लोव्हेनियाच्या यान्या गार्नब्रेटने टोकियो व पॅरिस (२०२४) येथे सुवर्णपदके मिळवली आणि खेळाडूंच्या उपासमारीविरुद्ध उघडपणे आवाज उठवला. २०२८ च्या लॉस एंजेलिस पॅरालिंपिकमध्ये अपंगांच्या चढाईचाही समावेश ठरला आहे. दृष्टिहीन खेळाडूला पुढची पकड कोठे आहे हे साथीदार खालून सांगतो.

मुलींच्या बाबतीत वजनकाट्यापेक्षा मासिक पाळीची चौकशी महत्त्वाची. अर्थात ती आईने किंवा बाई प्रशिक्षकाने करावी. सुरू झालेली पाळी सलग तीन महिने आली नाही, तर आहार कमी पडत असण्याची शक्यता असते. अशा वेळी सराव कमी करून भाकरी, डाळ, दूध, अंडी वाढवावीत आणि हिमोग्लोबिन तपासून घ्यावे.