जंगलाचे तिकीट आणि जंगलाचा हक्क

आपल्या वस्तीतला माणूस घराबाहेर पडतो तो कुठे जाण्यासाठी? चैत्यभूमी, दीक्षाभूमी, महाडचे चवदार तळे, भीमा कोरेगाव. या प्रत्येक ठिकाणामागे इतिहास आहे, म्हणून आपण जातो आणि गेलेच पाहिजे. पण निव्वळ चालण्यासाठी, मोकळी हवा घेण्यासाठी, झाडे-पाखरे पाहण्यासाठी डोंगरात जावे, हा विचार आपल्याकडे अजून रुजलेला नाही. कसा रुजणार? ज्यांच्या आई-बापांनी डोंगरात जाऊन मोळ्या आणल्या, खाणीत दगड फोडले, त्यांना डोंगर चढणे ही मौज कशी वाटावी? आठवड्याला मिळणारी एक सुटी कपडे धुण्यात आणि पाणी भरण्यात जाते. पाठीवर सॅक लावून ट्रेकला निघालेली मुले लोकलमध्ये दिसतात, तेव्हा ती आपली नाहीत असे आपण मनाशी ठरवूनच टाकतो.

हे चुकीचे आहे. म्हणूनच गेल्या वर्षी वर्षावासाच्या काळात आमच्या वस्तीतील अभ्यासिकेच्या बावीस मुलामुलींना घेऊन बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पायी फिरायला जायचे आम्ही ठरवले. पालकांचा पहिला प्रश्न होता, "वकीलसाहेब, तिथं आहे तरी काय?"

तिथे काय आहे, हे सांगितलेच पाहिजे. मुंबई आणि ठाणे यांच्या मधोमध सुमारे १०३ चौरस किलोमीटरचे हे जंगल आहे. जगातील फार थोड्या महानगरांच्या पोटात एवढे मोठे जंगल उरले आहे. त्यात बिबट्या राहतो. १८६० साली पूर्ण झालेला विहार तलाव आणि १८७९ चा तुळशी तलाव याच जंगलात आहेत आणि त्यांचे पाणी मुंबई आजही पिते. दहिसर नदीचा उगम इथला. आठ वर्षांतून एकदाच फुलणारी कारवी इथल्या उतारांवर आहे. २०१६ नंतर ती २०२४ मध्ये फुलली. आणि या जंगलाच्या मध्यभागी, काळ्या पाषाणात कोरलेली कान्हेरीची शंभराहून अधिक बौद्ध लेणी आहेत. एवढे सांगितल्यावर पालक तयार झाले.

प्रवेशद्वारापासून कान्हेरी सहा-सात किलोमीटर आहे. बहुतेक लोक बसने जातात. आम्ही चालत निघालो. आदल्या रात्री पाऊस झाला होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी पाणी वाहत होते. अर्ध्या तासात मुलांचा गोंगाट आपोआप कमी झाला. ज्या मुलांना दहा बाय दहाच्या खोलीत अभ्यासाला कोपरा मिळत नाही, ती मुले एखाद्या झाडाखाली नुसती उभी राहून वर पाहत होती. खुल्या जागेचा माणसाच्या मनावर काय परिणाम होतो, हे मला त्या दिवशी कोणत्याही पुस्तकाशिवाय कळले.

वाटेत एक म्हातारी आदिवासी बाई टोपलीत काकड्या घेऊन बसली होती. आम्ही काकड्या घेतल्या. आमच्यातील नववीतल्या एका मुलीने सहज विचारले, "आजी, तुम्हाला पण रोज तिकीट काढावं लागतं का?"

आजी हसली. म्हणाली, "आपल्याच घरात यायला कसलं तिकीट, पोरी? माझा पाडा इथंच हाय. तू तिकीट काढून आलीस, सांजच्याला जाशील. पण तुझ्या हातात कागद तरी हाय. आमाला कागद मागतात, तर आमच्याकडं कुठलाच कागद नाय."

मुलगी गप्प झाली. मीही गप्प झालो. वीस वर्षे वकिली केलेल्या माणसाला त्या एका वाक्याने कायदा शिकवला.

कायदा काय म्हणतो ते पाहू. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २७ मध्ये अभयारण्यात कोणाला प्रवेश आहे याची यादी आहे आणि कलम २८ मध्ये कोणत्या कारणांसाठी परवाना मिळतो याची यादी आहे. संशोधन, छायाचित्रण आणि पर्यटन ही त्यातील कारणे. हीच कलमे राष्ट्रीय उद्यानालाही लागू आहेत. म्हणजे रविवारी फिरायला येणाऱ्याची नोंद कायद्यात १९७२ पासून आहे. उलट, कलम ३५ प्रमाणे एखादे क्षेत्र राष्ट्रीय उद्यान म्हणून अंतिमतः जाहीर करायचे, तर त्या जमिनीवरील सगळे हक्क आधी शासनाकडे आले पाहिजेत. याचा सरळ अर्थ असा की, पाहुण्यासाठी दार उघडले आणि घरमालकाचा हक्क मात्र घराच्या दारावरच संपवला!

याची मुळे इंग्रजी राजवटीत आहेत. १८७८ च्या आणि पुढे १९२७ च्या वन कायद्याने देशभरची जंगले 'राखीव' झाली आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणारा आदिवासी एका कागदानिशी अतिक्रमक ठरला. स्वतंत्र भारताने तो कायदा तसाच चालवला. चूक कबूल करायला २००६ साल उजाडावे लागले. त्या वर्षी संमत झालेल्या वनहक्क अधिनियमाच्या प्रास्ताविकेतच आदिवासींवर 'ऐतिहासिक अन्याय' झाल्याची कबुली आहे. या अधिनियमाच्या 'वनजमीन' या व्याख्येत राष्ट्रीय उद्यानेसुद्धा येतात, हे पुष्कळ वकिलांनाही ठाऊक नसते. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून ताब्यात असलेल्या जमिनीवर आदिवासींना हक्काचा दावा करता येतो. कलम ४(५) प्रमाणे दाव्याची पडताळणी पूर्ण होईपर्यंत कोणालाही हुसकावता येत नाही. आणि कलम ५ जंगल व वन्यजीव राखण्याचा अधिकार ग्रामसभेलाच देते.

परंतु मुंबईच्या पाड्याची अडचण निराळी आहे. या अधिनियमाची सारी यंत्रणा ग्रामसभेपासून सुरू होते आणि महापालिकेच्या हद्दीत ग्रामपंचायतच नाही! मग दावा कोणापुढे मांडायचा? पाड्याची सभा हीच ग्रामसभा मानली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. शहर जंगलापर्यंत चालत आले. पाडा शहरात आला नाही. शहराच्या हद्दी वाढल्या म्हणून आदिवासीचा हक्क घटावा, हा कोणता न्याय?

इथे माझ्या घरची एक गोष्ट सांगतो. माझी मावशी याच उद्यानाच्या कडेला झोपडीत राहत होती. १९९५ साली 'बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुप' या संस्थेने मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली आणि मे १९९७ मध्ये उद्यानातील अतिक्रमणे हटवण्याचा आदेश झाला. १ जानेवारी १९९५ च्या मतदारयादीत ज्यांचे नाव, त्यांनी सात हजार रुपये भरायचे आणि बाहेर पर्यायी घर घ्यायचे. ज्यांचे नाव नाही, त्यांना काही नाही. मावशीचे नाव नव्हते. यादीच्या वेळी ती सासूच्या आजारपणासाठी जालन्याकडे गावी गेली होती. २००० साली तिची झोपडी गेली. मी तेव्हा कॉलेजात होतो. भांडी पोत्यात भरताना तिने मला विचारले, "केस कुणी केली रे?" मी म्हणालो, "जंगल वाचवणाऱ्यांनी." ती म्हणाली, "मग मी काय जंगल खात होते?"

मावशीची झोपडी आणि आजीचा पाडा या कायद्याच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी जाणतो. मावशी दुष्काळाने शहरात ढकलली गेलेली बाई होती, आजी या मातीतलीच आहे. पण दोघींच्या बाबतीत कसोटी एकच लावली गेली, ती कागदाची. ज्याच्याकडे कागद तो माणूस, नसेल तो अतिक्रमक!

कोणी म्हणेल, तुम्ही जंगलाच्या विरोधात आहात काय? मुळीच नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलीमीटर पाऊस पडला आणि मिठी नदीकाठच्या आपल्या वस्त्या पाण्याखाली गेल्या. पाणी अडवणारे, जिरवणारे जंगल नसेल तर आधी कोण बुडेल? उंच मजल्यावरचा नव्हे, आपणच बुडू. म्हणून जंगल राहिलेच पाहिजे. जमीनमाफियांनी गरिबांना पुढे करून जंगलाचे लचके तोडले, हेही खरे आहे. प्रश्न इतकाच आहे की, जंगलाचे रक्षण करताना हातोडा नेहमी कोणावर पडतो? जंगलाला खेटून टॉवर उभे राहतात आणि खिडकीतून दिसणाऱ्या झाडांची वेगळी किंमत लावून फ्लॅट विकले जातात. वाघोबाला देव मानून बिबट्याच्या शेजारी राहणारा वारली मात्र जंगलाला धोका ठरतो. हा तर्क आपण स्वीकारायचा का?

दुपारी आम्ही कान्हेरीला पोहोचलो. तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहाच्या ओसरीत दोन्ही बाजूंना वीस फुटांहून उंच बुद्धमूर्ती उभ्या आहेत. मुलांनी त्रिसरण-पंचशील घेतले. मग आम्ही वर चढलो. जवळजवळ प्रत्येक लेण्याजवळ पाण्याचे टाके आहे. शिलालेखांत त्याला 'पोढी' म्हटले आहे. खडकात कोरलेल्या पन्हळींतून पावसाचे पाणी त्यात उतरते. पाऊस अडवून वर्षभर पुरवायचा, झाड न तोडता डोंगरात शेकडो भिक्खूंनी राहायचे, हे शास्त्र इथे जवळजवळ हजार वर्षे चालले. जंगल आणि माणूस एकत्र राहू शकत नाहीत, असे म्हणणाऱ्यांनी ही टाकी येऊन पाहावीत.

आणखी एक गोष्ट मी मुलांना सांगितली. कान्हेरीच्या दानलेखांत राजेरजवाड्यांपेक्षा व्यापारी, कारागीर, भिक्खुणी, गृहिणी यांची नावे अधिक दिसतात. कुणी टाके दिले, कुणी आसन दिले. कल्याणच्या एका लोहाराने इथे वाट बांधून दिली. लोखंड ठोकणारा माणूस आपल्या कमाईतून डोंगरातली पायवाट दान करतो, ती पुढे कोण चालणार हे त्याला ठाऊक नसते. त्या वाटेवरून भिक्खू चालले. पुढे १००९ आणि १०२१ साली पाहायला आलेले पारशी प्रवासी चालले. त्यांनी पहलवी लिपीत कोरलेली नावे एका लेण्यात आजही आहेत. आणि आज आमची बावीस मुले चालली. कोणाची जात कोणी विचारली नाही.

आज हे साधे वाटते, पण ते फुकट मिळालेले नाही. सार्वजनिक तळ्याचे पाणी घेता यावे म्हणून बाबासाहेबांना १९२७ साली महाडला सत्याग्रह करावा लागला आणि त्या तळ्याचा खटला १९३७ साली उच्च न्यायालयात निकाली निघेपर्यंत लढावा लागला. त्याच लढ्याचा अर्थ पुढे संविधानाच्या अनुच्छेद १५(२) मध्ये उतरला. विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक राबत्याच्या जागा यांच्या वापरात धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यावरून कोणालाही अडवता येणार नाही. शासनाच्या पैशाने राखलेले राष्ट्रीय उद्यान ही अशीच सार्वजनिक राबत्याची जागा आहे. तेव्हा समाजबांधवांनो, जंगलात जा. तो तुमचा मूलभूत हक्क आहे. चालण्याची मौज ही काही श्रीमंतांची जहागीर नव्हे.

मात्र हक्काबरोबर जबाबदारी येते. उद्यान सोमवारी बंद असते, हे लक्षात ठेवा. सकाळी लवकर निघा, पाणी सोबत न्या, अंधार पडण्याआधी बाहेर या. शिलोंडासारख्या आतल्या वाटांवर परवानगी घेऊनच जा. माकडांना खायला देऊ नका. बुद्धपौर्णिमेला जाल तेव्हा प्लास्टिकच्या पिशव्या आणि पत्रावळी लेण्यांत टाकून येऊ नका. लेण्यांच्या भिंतींवर 'जयभीम' लिहिणे हा बाबासाहेबांचा गौरव नाही, तो आपल्याच वारशाचा विध्वंस आहे.

आणि शेवटची गोष्ट, माझ्या मते सर्वांत महत्त्वाची. आपण तिकीट काढून आत जातो, तेव्हा पाड्याकडे पाहुण्याच्या नजरेने पाहायला शिका. उद्या कोणी 'सकाळी फिरायला येणाऱ्यांचा त्रास' पुढे करून पाडा हटवण्यासाठी सह्या गोळा करू लागला, तर त्या कागदावर आपली सही असता कामा नये. उलट आपल्यातल्या शिकलेल्या मुलांनी पाड्यात बसून वनहक्काचे दावे भरायला मदत करावी. जुने शाळेचे दाखले, जुन्या पावत्या, वडीलधाऱ्यांचे जबाब हे सारे पुरावे म्हणून चालतात; ते गोळा करणारे हात हवे आहेत.

परतताना ती नववीतली मुलगी पुन्हा आजीजवळ थांबली. तिने आपले तिकीट काढून मला दाखवले आणि विचारले, "सर, आजीला असा कागद मिळवून द्यायला काय लागतं?" पुढच्या रविवारी ती, अभ्यासिकेतले आणखी पाच जण आणि मी पाड्यावर गेलो. सोबत कोऱ्या अर्जांचा गठ्ठा होता. पहिल्या दिवशी चार घरांचे जबाब लिहून झाले. काम मोठे आहे आणि ते सुरू आहे. ज्यांना आमच्याबरोबर यायचे आहे, त्यांनी रविवारी सकाळी चालण्याच्या तयारीने यावे.