दातांच्या तारा : स्टीलच्या की पांढऱ्या?

विहारात आरोग्य शिबिर असलं की पूर्वी बायका मुलांचे दात दाखवायला आणायच्या. आता मुलाचं दाखवून झालं की हळूच पदर तोंडावर धरून विचारतात, "ताई, माझं वय छत्तीस. मला तार बसेल का हो? आणि ती पांढरी मिळते ना, दिसत नाही ती?" पुरुषही विचारतात, पण ते बायकोला पुढे करून.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. बसते. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. हाड आणि दाताचं मूळ यांच्यामध्ये बारीक धाग्यांची गादी असते. तारेने सतत हलका दाब दिला की ज्या बाजूला दाब पडतो तिथलं हाड विरघळतं आणि मागे राहिलेल्या जागेत नवं हाड भरतं. असा दात महिन्याला साधारण एक मिलिमीटर सरकतो. हे काम पंधराव्या वर्षी होतं आणि चाळिसाव्या वर्षीही होतं, फक्त मोठ्या माणसात जरा सावकाश. म्हणून दीड ते दोन वर्षं, कधी त्याहून जास्त धरून चालायचं. "सहा महिन्यांत दात सरळ" अशी जाहिरात दिसली तर आधी शंका घ्या.

दुसऱ्या प्रश्नाकडे वळण्याआधी एक ऐकून घ्या. "या वयात कसली हौस?" असं घरातूनच ऐकावं लागतं, बहुतेक वेळा सासूकडून किंवा नवऱ्याकडून. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी आपल्या आयाबायांपुढे लुगडं कसं नेसावं, अंगावर कोणते दागिने घालू नयेत, हे मुद्दाम सांगितलं होतं. राहणीवरून आपल्याला ओळखून कमी लेखलं जातं, हे त्यांना ठाऊक होतं. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात तर भगवंतांनी भिक्खूंना दातवणाची काडी वापरायला सांगून तिचे पाच फायदे मोजून दाखवले आहेत. तेव्हा स्वतःच्या तोंडाकडे लक्ष देणाऱ्या बाईला हौशी म्हणू नका. वाकडेतिकडे दात नीट घासता येत नाहीत, कीड धरतात, चावताना एकाच दातावर भार येतो. हौस असली तरी बिघडत नाही, पण बऱ्याचदा ती नुसती हौस नसते.

आता पांढरी तार. "दिसत नाही" हा पहिला गैरसमज. तारांच्या उपचारात प्रत्येक दातावर एक छोटा ठोकळा चिकटवतात. डॉक्टर त्याला ब्रॅकेट म्हणतात, आपल्याकडे क्लिप म्हणतात. त्या क्लिपांमधून तार ओवतात आणि बारीक रबरी कड्यांनी ती धरून ठेवतात. सिरॅमिकच्या उपचारात फक्त हा ठोकळा दाताच्या रंगाचा असतो. तार बहुतेक वेळा धातूचीच असते. पांढरा लेप दिलेल्या तारा मिळतात, पण चावून चावून तो लेप निघतो. लांबून कमी दिसतं हे खरं. समोर बसून बोलणाऱ्याला मात्र दिसतंच.

सिरॅमिक म्हणजे काय, हे आपल्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत काम करणाऱ्या भावांना वेगळं सांगायला नको. बिडाचा तवा हातातून पडला की तडकतो, पोलादाची पट्टी पडली तर फार तर वाकते. सिरॅमिक क्लिप बिडाच्या जातीची. ती ॲल्युमिनियम ऑक्साइडची असते, फार कठीण, पण ठिसूळ. तार अडकवायचे तिचे कान तुटतात. स्टीलची क्लिप सहसा तुटत नाही, निघालीच तर परत चिकटवता येते.

हाच कठीणपणा दुसऱ्या बाजूने नडतो. सिरॅमिक आपल्या दाताच्या वरच्या आवरणापेक्षा कितीतरी कठीण असतं. ज्यांचे वरचे दात खालच्या दातांवर खोल येतात, त्यांच्या खालच्या दातांवर सिरॅमिक लावलं तर चावताना वरच्या दातांच्या कडा त्यावर घासून झिजतात. झिजलेलं आवरण परत येत नाही. म्हणून जाणते डॉक्टर खालच्या समोरच्या दातांवर सिरॅमिक लावायला नको म्हणतात. कोणी काही न बघता "वर-खाली सगळं पांढरं करू" म्हणाला, तर माझा चावा कसा आहे, हे आधी विचारा.

तार सिरॅमिकच्या खाचेत स्टीलइतकी सहज सरकत नाही, घर्षण जास्त होतं. म्हणून जिथे दात काढून मोठी फट बंद करायची असते, तिथे काम थोडं रेंगाळू शकतं. शेवटी क्लिपा काढताना स्टीलची पकडीने दाबली की सुटते. सिरॅमिकची कधी तुकडे होऊन निघते, मग उरलेला भाग घासून काढावा लागतो. तिथे डॉक्टरचा हात जपून चालायला हवा.

आणि हळद! आपल्या कोल्हापुरात हा मोठाच विषय. सिरॅमिकचा ठोकळा सहसा रंग धरत नाही, पण त्याभोवतीची पारदर्शक रबरी कडी दोन दिवसांत पिवळी होते. तांबडा रस्सा, मिसळीचा कट, दिवसातून चार वेळा चहा, सगळ्यांचा रंग तिच्यावर चढतो. कडी साधारण महिन्याने बदलतात. म्हणजे पांढऱ्या क्लिपेसाठी जास्तीचे पैसे मोजायचे आणि महिनाभर पिवळी कडी घेऊन फिरायचं. स्टीलला करड्या रंगाची कडी लावून घेतली की हा प्रश्नच राहत नाही.

मग स्टीलमध्ये खोट नाही का? आहे. ती चमकते, लोक बघतात, पहिले आठ दिवस गालाला आणि ओठाला टोचते. त्यासाठी डॉक्टर मेण देतात, ते टोचणाऱ्या जागी चिकटवायचं. टोचणं सिरॅमिकमध्येही आहे, कारण ती क्लिप आकाराने जराशी मोठीच असते. स्टीलमध्ये निकेल हा धातू असतो. खोट्या दागिन्यांच्या डुलांनी ज्यांच्या कानाला खाज येते, पाणी येतं, त्यांनी ही गोष्ट डॉक्टरांना आधीच सांगावी. अशा सगळ्यांनाच तोंडात त्रास होतो असं नाही, पण सांगायला हवं. सिरॅमिक घेतलं तरी तारेत निकेल असू शकतं, हेही ध्यानात ठेवा.

माझं मत विचाराल तर आपल्या घरातल्या बहुतेकांनी स्टील घ्यावं. कापड दुकानात, हॉस्पिटलच्या काउंटरवर, शाळेत दिवसभर लोकांशी बोलायचं काम असेल आणि मनाला फारच लागत असेल, तर वरच्या समोरच्या सहा दातांना सिरॅमिक आणि बाकी सगळीकडे स्टील, असं करून मिळतं. बोलताना आणि हसताना मुख्यतः वरचेच दात दिसतात. हा मधला रस्ता डॉक्टर आपण होऊन सांगतीलच असं नाही. आपण विचारायचा.

स्टील घ्या म्हणण्यामागे माझं मुख्य कारण पैशाचं आहे. स्टीलच्या तारांनाच पाच आकडी रक्कम लागते, सिरॅमिकला त्यावर आणखी कित्येक हजार. हे जास्तीचे हजार आपल्या वस्तीत कुठून येतात, मला ठाऊक आहे. गटाच्या नावावर फायनान्स कंपनीचं कर्ज निघतं, वर्षाला वीस टक्क्यांच्या वर व्याज जातं आणि हप्त्याचा माणूस आठवड्याला दारात उभा राहतो. तार दोन वर्षांत निघेल, कर्जावर कर्ज चढलं तर ते निघत नाही. दवाखान्याची फी टप्प्याटप्प्याने देता येते का, ते आधी विचारा. बरेच डॉक्टर सुरुवातीला थोडी रक्कम आणि मग दर भेटीला ठरावीक पैसे घेतात. त्यासाठी वेगळं कर्ज काढायची गरज पडत नाही.

फीमध्ये न दिसणारा खर्चही मोजा. महिन्याला एक फेरी म्हणजे एका दिवसाची हजेरी बुडाली. क्लिप तुटली की मधेच आणखी एक फेरी. मोलकरणीचं काम करणाऱ्या ताईला सिरॅमिकची दोनदा तुटलेली क्लिप म्हणजे दोन खाडे आणि मालकिणीची बोलणी. ही किंमत कुठल्याच पावतीवर नसते.

तुटणं आपल्या हातातही थोडं असतं. उसाचं कांडं दाताने सोलायचं नाही, नळीतला मगज ओढायचा नाही, फुटाणे, चिक्की, कडक भाकरीच्या कडा बंद. भाकरी रश्श्यात कुस्करून खा. दोन वर्षांची गोष्ट आहे.

आता ज्या प्रश्नाकडे कोणी बघत नाही, तो. तार कशाचीही असो, हिरड्या कशा आहेत? मोठ्या माणसाच्या बाबतीत वय आडवं येत नाही, हिरड्या आडव्या येतात. घासताना रक्त येतं, तोंडाला वास येतो, दात हलतात, अशा तोंडात तार लावली तर आधीच खंगलेलं हाड आणखी कमी होतं आणि चांगला दात हातात येतो. विशेषतः ज्यांच्या समोरच्या दातांत पस्तिशी-चाळिशीनंतर नव्याने फट पडू लागली आहे, त्यांनी ती फट तारेने ओढून घ्यायची घाई करू नये. पूर्वी फट नव्हती आणि आता आली, हे बऱ्याचदा हिरड्यांच्या आजाराचं लक्षण असतं. आधी तो आजार बरा करायचा. साखरेचा त्रास असेल तर ती ताब्यात आणायची. गरोदरपण असेल किंवा लवकरच मूल हवं असेल तर तेही सांगायचं, कारण एक्स-रे काढावे लागतात आणि त्या काळात हिरड्या जास्त सुजतात.

आपल्या वस्तीत आणखी एक गोष्ट सर्रास होते. दाढ दुखली की काढून टाकायची, कारण काढणं स्वस्त आणि रूट कॅनल महाग. मग शेजारची दाढ त्या मोकळ्या जागेत कलंडते, समोरची खाली उतरते, सगळा चावा बिघडतो. अशा तोंडाला तार लावताना डॉक्टरांना वेगळा विचार करावा लागतो. तो विचार त्यांनी केला का, हे एक्स-रे पाहून समजावून सांगा म्हणावं.

मिश्रीचं बोलल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. दात साफ करायच्या पुडीत तंबाखू घालून विकायला १९९२ पासून बंदी आहे. पण घरच्या तव्यावर भाजलेल्या मिश्रीला कोण बंदी घालणार? सकाळी मिश्री लावून दुपारी तारेची चौकशी करायला येणाऱ्या कितीतरी भगिनी मला भेटतात. मिश्रीची पूड क्लिपांच्या खाचांत अडकून बसते, तंबाखूने हिरड्यांचा रक्तपुरवठा कमी होतो, जखम भरत नाही. पांढरी क्लिप घेतली असेल तर भोवतीची कडी काळी पडते ते वेगळंच. गुटखा-मावा खाणाऱ्या भावांनाही हेच. आधी मिश्री सोडून तीन महिने काढा. ते जमलं तर दोन वर्षं तार सांभाळणंही जमेल.

तार कोण बसवतो, हे ती कशाची आहे यापेक्षा महत्त्वाचं. दाताचा डॉक्टर बीडीएस असतो. दात सरकवण्याचं शास्त्र त्यापुढे तीन वर्षं शिकून एमडीएस केलेल्या तज्ज्ञाला ऑर्थोडॉन्टिस्ट म्हणतात. बऱ्याच दवाखान्यांत असा तज्ज्ञ महिन्यातून एक-दोनदाच येतो. तुमचं काम तोच करणार का, आणि मधल्या दिवसांत काही तुटलं तर कोण बघणार, हे पहिल्याच भेटीत विचारा. महाराष्ट्र राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारण्यात लाजायचं काही नाही.

सुरुवात सीपीआरच्या दंत विभागातून करा. केसपेपर काढा, हिरड्या तपासून घ्या, दात साफ करून घ्या. तारांसाठी मात्र फुले जन आरोग्य योजनेच्या भरवशावर राहू नका, ती मुख्यतः दाखल होऊन करायच्या उपचारांसाठी आहे. परवडेल असा दुसरा रस्ता दंत महाविद्यालयाचा. वारणानगरजवळ नवे पारगावला तात्यासाहेब कोरे दंत महाविद्यालय आहे, सांगलीत भारती विद्यापीठाचं आहे. अशा ठिकाणी शिकणारे डॉक्टर प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ जास्त लागतो, फेऱ्या होतात, पण खासगी दवाखान्यापेक्षा खर्च सहसा कमी येतो. एसटीचं भाडं आणि बुडणारी हजेरी धरून हिशेब मांडा, मगच ठरवा.

पैसे ठरवताना एक गोष्ट कागदावर लिहून घ्या : शेवटचा रिटेनर फीमध्ये धरला आहे की नाही. तार काढल्यावर दात जुन्या जागी परत जाऊ पाहतात, मोठ्या माणसाचे तर हमखास. म्हणून आतून बारीक तार चिकटवतात किंवा काढता-घालता येणारा रिटेनर देतात. सुरुवातीला दिवसरात्र, नंतर फक्त रात्री, आणि तेही वर्षानुवर्षं वापरायचा. जेवताना तो काढून डबीतच ठेवा. कागदात गुंडाळून ताटाशेजारी ठेवलेले रिटेनर लग्नाच्या पंगतीत पत्रावळीबरोबर उकिरड्यावर जातात, आणि नव्याचे पैसे परत भरावे लागतात.